खालचा बाण, उजवा बाण

३ जुलै २०२४, बुधवार

लिंक्स नावाचा नुसत्या अक्षरांचा ब्राउझर काल रात्री जुन्या लॅपटॉपवर टाकला आणि आज सकाळी चहाबरोबर उघडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र औषधालाही नाही. माउस ड्रॉवरमध्ये गेला, कारण इथे त्याला काही कामच नाही. खालचा बाण दाबला की पुढची लिंक उजळते, वरचा दाबला की मागची. उजवा बाण म्हणजे त्या लिंकेत शिरायचं, डावा म्हणजे आल्या पावली परत. स्पेस दाबली की पानभर खाली, बी दाबलं की पानभर वर. पत्ता टाकायला जी, बाहेर पडायला क्यू. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत यातलं बरंचसं सतत लिहिलेलं असतं, त्यामुळे पाठांतराचा जाच नाही.

गोंधळ उडतो तो खालच्या बाणाशी. आपल्या बोटांना सवय अशी, की खालचा बाण म्हणजे एक ओळ खाली. हा बाण ओळी मोजतच नाही, लिंका मोजतो. पडद्यावर दोन लिंकांच्या मध्ये तीन परिच्छेद असले तरी एका दाबात ओलांडून जातो, आणि एकाच ओळीत सात लिंका ओवलेल्या असल्या तर सात वेळा दाबायला लावतो. पडद्यावर पुढे लिंकच उरली नसेल तेव्हा मात्र मुकाट्याने पान सरकवतो.

हा सगळा उद्योग मिरजेच्या सरांमुळे. आमच्या त्रैमासिकाचे जुने वर्गणीदार, निवृत्त संगीतशिक्षक, दृष्टी नाही. अंक संकेतस्थळावर आला तेव्हा अभिनंदनाचा पहिला फोन त्यांचा. परवा दुसरा आला. म्हणाले, "ताई, लेख वाचायला बसतो आणि लेखापर्यंत पोचेस्तोवर दमतो." आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं.

संगणक त्यांना पान कसं वाचून दाखवतो ते मला डोळ्यांनी कळणं अवघड. पण पान एका रांगेत उलगडलं तर ते कसं दिसतं, एवढं तरी लिंक्स दाखवतो.

५ जुलै, शुक्रवार

आज आपलं संकेतस्थळ लिंक्समधून. पहिल्या ओळीत चौकटी कंसात आमच्या बोधचिन्हाच्या फाइलीचं नाव, पुढे "फायनल टू डॉट पीएनजी". म्हणजे चित्राला पर्यायी मजकूर कोणी दिलेला नाही, आणि तसा तो नसला की लिंक्स सरळ फाइलीचं नाव छापतो. चाळीस वर्षं चाललेल्या त्रैमासिकाची ही ओळख!

त्याखाली मेनू: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, संपादक मंडळ, वर्गणी, जाहिरात दर, संपर्क. त्याखाली पुन्हा तोच मेनू, तसाच्या तसा. मग "मागील अंक", त्यात २००१ पासूनचा एकेक अंक एकेका लिंकेने. मग फेसबुक-बिसबुकांची चिन्हं, त्यांचीही नुसती फाइलींची नावं. खालचा बाण दाबत राहिले. बोट चालू, पडदा सरकतोय, लेखाचा पत्ता नाही.

ओ दाबून पर्याय उघडले आणि लिंकांना क्रमांक दाखवायला सांगितले. आता प्रत्येक लिंकेआधी चौकटी कंसात आकडा येतो. सोय चांगली आहे: आकडा टाइप करून एंटर दाबला की थेट त्या लिंकेत जाता येतं आणि आकड्यापुढे जी जोडला तर आत न शिरता नुसतं तिच्यावर उभं राहता येतं. लेखाच्या शीर्षकाखाली लेखिकेचं नाव आहे, तीही लिंकच. तिचा क्रमांक ९४.

म्हणजे सरांच्या वाटेत त्र्याण्णव दारं आणि प्रत्येक दारावरची पाटी ऐकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

मग एल दाबलं. या अक्षराने पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी वेगळी निघते, आजूबाजूचा मजकूर वगळून. मुखपृष्ठाची यादी काढली तर "अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा" असं अकरा वेळा, एकाखाली एक. कशाविषयी अधिक, ते विचारायचं नाही. कागदावर मी कोणाला असलं वाक्य छापू दिलं नसतं. "पहा पान अमुक" असं लिहिताना पानाचा आकडा लागतोच ना.

८ जुलै, सोमवार

क्रमांकांची युक्ती लिंक्सची नव्हे, त्याच्याही आधीची आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या यंत्रावरच चालायचा, त्यात माउस होता, खिडक्या होत्या. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ते यंत्र असलेली माणसं मोजकी, बाकीच्यांकडे नाना तऱ्हेची टर्मिनलं. म्हणून निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने १९९१ मध्ये ओळीवारी चालणारा ब्राउझर लिहिला. इंग्लंडातल्या लेस्टर पॉलिटेक्निकमधून ती तिथे उमेदवारीला आलेली होती. जगातल्या कुठल्याही टर्मिनलवर चाललं पाहिजे अशी अट, आणि काही टर्मिनलं इतकी साधी की छापलेल्या ओळीवर परत जाताच येत नाही, फक्त खाली नवी ओळ जोडता येते. तिथे लिंक उजळवणार कशी? तेव्हा प्रत्येक लिंकेला आकडा, आणि वाचकाने खाली आकडा टाइप करायचा. वेब म्हणजे काय हे सर्नबाहेरच्या अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते या आकड्यांतून, टेलनेटने दुरून जोडून घेऊन. माउसच्या टिचकीने जाळं फिरायचं हे सर्रास झालं ते नंतर, मोझॅक ब्राउझर आल्यावर.

बाण आले कॅन्सस विद्यापीठातून. १९९२ साली तिथे लू माँटुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनी विद्यापीठाच्या आवारातली माहिती टर्मिनलवर वाचता यावी म्हणून लिंक्स बांधला. माँटुली तेव्हा पदवीचा विद्यार्थी. आधी तो वेबचा ब्राउझर नव्हताच, आतल्या आत फिरण्यापुरता होता. इंटरनेटची जोड १९९३ मध्ये मिळाली. त्या टर्मिनलांवर कर्सर पडद्यावर कुठेही नेता यायचा, म्हणून आकडे न घालता लिंकच उजळवता आली आणि चार बाण पुरले. आज चालू असलेल्या ब्राउझरांत हाच सगळ्यांत जुना. थॉमस डिकी नावाचे गृहस्थ १९९७ पासून त्याची देखभाल करताहेत.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं खातं हे नुसत्या अक्षरांचंच होतं. चित्रांचं खातं महाग. धाकट्या दिरांनी ते अक्षरांचं खातं घेतलं होतं. मोडेमचा तो चिरका आवाज, मग काळ्या पडद्यावर लिंक्स, आणि घरातला फोन तासभर अडकला म्हणून सासूबाईंचा आरडाओरडा. दीर अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज त्यातूनच धुंडाळायचे. हिंजवडीतल्या पोरांना हे सांगितलं तर दंतकथा वाटते.

डब्ल्यूथ्रीएम नावाचा जपानी ब्राउझरही आज चालवून पाहिला. अकिनोरी इतो यांनी १९९५ च्या सुमारास केलेला. तक्ते सुरेख आखतो. त्याचा कर्सर मजकुरात अक्षरन् अक्षर हिंडतो आणि लिंकेवर उडी मारायची तर टॅब दाबावी लागते. वाचायला तो बरा, पण पानाची परीक्षा घ्यायला लिंक्सच. त्याचा बाण लिंकेशिवाय दुसरं काही ओळखत नाही.

१० जुलै, बुधवार

देवनागरीची दैना. लॅपटॉप खिडक्यांशिवाय, नुसत्या कन्सोलवर चालू केला तर मराठीच्या जागी सगळे चौकोन. त्या कन्सोलच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आपली जोडाक्षरं बसवणार कुठे? खिडकीतल्या टर्मिनलवर अक्षरं दिसली, पण प्रत्येक अक्षराला एकेक खण दिलेला असतो आणि मात्रांचं काय करायचं ते या टर्मिनलला धड कळत नाही. "दिवाळी"मधली पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन बसलेली. "संपर्क"मधला रफार मोडून र सुटा, पायमोडका. लिंक उजळली की उजळलेला पट्टा एक-दोन खण इकडेतिकडे. दुसरं टर्मिनल टाकलं, त्यात बरंच सावरलं.

पर्यायांत वाचकाची इयत्ता ठरवता येते: नवखा, मधला, तयार. तयार म्हटलं की तळाच्या सूचना जातात आणि उजळलेल्या लिंकेचा पत्ता तिथे दिसतो. आमच्या दिवाळी अंकाच्या लिंकेवर गेले तर तळाची ओळ काठोकाठ भरली. टक्क्याची खूण, ई, शून्य, पुन्हा टक्का, ए, चार, पुन्हा टक्का... देवनागरीच्या एका खुणेला संगणक तीन बाइट घेतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइटाची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका खुणेची नऊ. "दिवाळी" या शब्दात मात्रा धरून सहा खुणा, तेव्हा चोपन्न चिन्हं नुसत्या एका शब्दाला. हा पत्ता फोनवर कोणी कोणाला सांगू धजेल का?

त्याहून वाईट निघाले जुने अंक. २००१ ते २००६ पर्यंतचा मजकूर त्या वेळच्या फाँटात तसाच चढवलेला आहे, युनिकोड नाही. डोळ्याला मराठी दिसतं कारण पानाबरोबर तो फाँट येतो, आत मात्र रोमन अक्षरांचा कचरा. लिंक्सला फाँटबिंट कळत नाही, त्याने कचरा जसाच्या तसा पुढ्यात मांडला. सरांना विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं? म्हणाले, "यंत्र तापात बरळल्यासारखं इंग्रजी बोलतं. मी समजलो, लेख आधुनिक असेल."

१३ जुलै, शनिवार

भाचा आला. संकेतस्थळ त्यानेच फुकटात बांधून दिलंय, त्यामुळे फार बोलायचीही चोरी. पडद्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, हे काय उघडलंयस? सर्व्हर आडवा झाल्यासारखा दिसतोय."

"तूच केलेली साइट आहे ती."

बसला मग शेजारी. दोनदा येणाऱ्या मेनूबद्दल त्याचं म्हणणं असं: एक मेनू मोबाइलसाठी आहे, मोठ्या पडद्यावर तो सीएसएसने, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांनी, लपवलेला असतो. लिंक्स सीएसएस वाचतच नाही म्हणून त्याला दोन्ही दिसतात. "सरांच्या स्क्रीन रीडरला लपवलेला मेनू ऐकूच येणार नाही. तुझा लिंक्स म्हणजे सरांचे कान नव्हेत." हे त्याचं खरं आहे, लिहून ठेवलं. उलट बाजूही आहे: स्क्रीन रीडरसाठी एचटीएमएलमध्ये ज्या खास खुणा घालतात त्या लिंक्सला कळत नाहीत.

"बरं, तो मेनू वगळ. पण उजवीकडचा 'मागील अंक'चा रकाना लेखाच्या आधी कसा?"

"साच्यातच तसा आहे गं. एचटीएमएलमध्ये आधी लिहिलाय, नंतर सीएसएसने उजवीकडे सरकवलाय. दिसायला काही फरक पडत नाही."

दिसायला! मी काही बोलले नाही, तोच वरमला.

मग त्याच्या लॅपटॉपवर, नेहमीच्या ब्राउझरमध्ये, माउसला हात न लावता टॅब दाबत जायला सांगितलं. टॅब, टॅब, टॅब. पडद्यावर ढिम्म काही हलेना. लिंका बदलत होत्या, तळाशी पत्ते पालटत होते, पण आपण उभे कुठे आहोत ते कळायला मार्ग नाही. लिंकेभोवती जी बारीक चौकट उमटायला हवी ती साच्याच्या सीएसएसमध्ये एका ओळीने पुसून टाकलेली सापडली. दिसायला चांगली नाही म्हणून. साचा बांधणाऱ्याने आयुष्यात कधी टॅब दाबून पाहिली नसावी. ज्यांचा हात कापतो, ज्यांना माउस धरवत नाही पण दिसतं, त्यांची यात किती पंचाईत होत असेल! लिंक्समध्ये पान लिहिणाऱ्याची काय बिशाद हे करायची? उजळलेली लिंक उजळलेलीच राहते. तिथे सत्ता वाचकाची आहे, आणि मला त्या काळ्या पडद्यात आवडलेली पहिली गोष्ट हीच.

रात्री थालीपीठ खाऊन गेला. जाताना म्हणाला, साचा उलगडायला दोन शनिवार लागतील.

१७ जुलै, आषाढी एकादशी

टीव्हीवर सकाळपासून पंढरपूर. ज्यांना पायांवर डोकं टेकवायचंय त्यांची रांग तासन् तास, ज्यांना तेवढा वेळ किंवा ताकद नाही त्यांना मुखदर्शनाची वेगळी रांग. लांबची रांग मोडलेली नाही, तिच्यातल्या कोणाचं काही गेलं नाही, फक्त दुसरी वाट ठेवली. संकेतस्थळावर हीच सोय एका लिंकेत होते. पानावरची अगदी पहिली लिंक "थेट लेखाकडे" अशी घालायची. ती पानाबाहेर नेत नाही, त्याच पानात खाली, लेखाच्या शीर्षकावर उतरवते. डोळस वाचकाला नको असेल तर ती एरवी दडवून ठेवता येते आणि टॅब दाबली की उमटते.

यात नवीन काही नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या संघाने सुगम्यतेची पहिली तत्त्वं १९९९ मध्ये काढली. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, दर पानावर तेच तेच येणारं ओलांडून जायची सोय हवी, असं स्पष्ट कलम आहे आणि तेही अगदी किमान पातळीचं, म्हणजे हे नसेल तर पुढचं बोलूच नका. भारत सरकारनेही २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. म्हणून तर सरकारी पानांच्या माथ्यावर "मुख्य मजकुराकडे जा" असं बारीक अक्षरांत आढळतं. मी दोन-तीन सरकारी पानं लिंक्समध्ये उघडली. एका ठिकाणी ती लिंक होती, उजवा बाण दाबला, आणि जागची हलले नाही: जिथे उतरवायचं ती खूणच पानात कोणी घातलेली नव्हती. दुसऱ्या ठिकाणी मात्र पहिल्या दाबात मजकूर. खासगी वृत्तपत्रांच्या पानांबद्दल न बोललेलं बरं. काही तर लिंक्समध्ये कोरी करकरीत उघडतात, कारण सगळा मजकूर जावास्क्रिप्टने नंतर ओतायचा असतो आणि लिंक्स जावास्क्रिप्ट चालवत नाही.

साबुदाण्याची खिचडी फडफडीत झाली.

१९ जुलै, शुक्रवार

लिंक्स दर कुकीला परवानगी विचारतो. तळाच्या ओळीत कुकीचं नाव, तिच्यात काय भरलंय ते, आणि पुढे चार उत्तरं: हो, नाही, कायम हो, कधीच नाही. एक अक्षर दाबायचं. आमच्याच मुखपृष्ठावर तीनदा विचारलं. भाच्याला फोन केला तर म्हणतो, वाचकसंख्या मोजायला आहेत. कोण बघतं ती संख्या? "तू बघशील असं वाटलं होतं." दोन काढायला सांगितल्या.

गंमत अशी की कुकी ही कल्पनाच लू माँटुलीची. कॅन्ससहून तो नेटस्केप या ब्राउझर-कंपनीत गेला आणि १९९४ मध्ये, दुकानाच्या पानावर गिऱ्हाइकाची पिशवी लक्षात राहावी म्हणून त्याने ही युक्ती काढली. लुकलुकणाऱ्या अक्षरांचं खापरही त्याच्याच माथी फुटतं. त्याची हकिकत तो स्वतः सांगतो: बारमध्ये बसून गप्पा चालल्या होत्या, नेटस्केपमध्ये होऊ घातलेल्या सजावटीतलं काहीच लिंक्समध्ये दिसणार नाही अशी त्याची कुरकुर होती, आणि दिसलीच तर फक्त अक्षरं लुकलुकताना दिसतील असं तो म्हणाला. सकाळी येऊन पाहतो तर सहकाऱ्याने रातोरात ते करून ठेवलेलं. पुढे कित्येक वर्षं लोकांची मुखपृष्ठं दिवाळीच्या माळांसारखी लुकलुकत राहिली. आणि कुकी तर आता प्रत्येक पानाच्या उंबऱ्यावर भलीमोठी पाटी घेऊन उभी असते; टॅबने चालणाऱ्याला आधी ती ओलांडावी लागते.

२३ जुलै, मंगळवार

सरांशी आज बराच वेळ बोलणं. ते एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतात, फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. आवाज रुक्ष, पण वेग इतका वाढवलेला की फोनवर मला एक शब्द कळेना. "तानेसारखं आहे ताई, कान बसला की सूर सुटे ऐकू येतात." टॅब ते फारशी वापरतच नाहीत. के दाबलं की पुढची लिंक, एच दाबलं की पुढचं शीर्षक, आणि इन्सर्टबरोबर एफ सात दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची किंवा शीर्षकांची यादी. अनोळखी पानावर ते आधी एच दाबतात. आमच्या पानावर एचने काहीच मिळत नाही, कारण लेखांची शीर्षकं नुसती अक्षरं ठळक आणि मोठी करून लावलेली आहेत. त्यांना शीर्षक म्हणून खूण केलेली नाही. म्हणून बिचाऱ्यांना एकेक लिंक उरकत यावं लागतं.

हे लिंक्सने मला सांगितलं नव्हतं. भाच्याच्या यादीत वरच्या जागी घातलं.

मग टी. व्ही. रामन यांचा विषय निघाला. सरांना त्यांच्याबद्दल फार आदर. रामन पुण्याचे, काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मुंबईच्या आयआयटीत पुढचं शिक्षण, १९९४ मध्ये कॉर्नेलची डॉक्टरेट. प्रबंध होता गणिताची सूत्रं आवाजातून कशी मांडायची यावर. त्या प्रणालीचं नाव ॲस्टर, तेच त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही नाव. १९९५ मध्ये त्यांनी इमॅकस्पीक हे बोलकं सॉफ्टवेअर काढलं. पडदा वाचून दाखवणारे इतर प्रोग्राम पडद्यावरची अक्षरं उचलून बोलतात. रामन यांचा मुद्दा असा की पडदा मध्ये आणायचाच कशाला, मजकुराचा अर्थ जिथे माहीत आहे तिथूनच बोलावं. त्यांच्या मांडणीत शीर्षकाचा आवाज वेगळा, लिंकेचा वेगळा, म्हणजे "लिंक, लिंक" असं दर वेळी उच्चारत बसावं लागत नाही. सर म्हणाले, "षड्ज लागला की तबलजीला 'हा षड्ज' असं सांगतो का कोणी?"

लिंक्सच्या पर्यायांत मला एक बारीक गोष्ट सापडली होती, ती त्यांना सांगितली. एरवी तो कर्सर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दडवतो. "कर्सर दाखवा" म्हटलं की तो उजळलेल्या लिंकेच्या पहिल्या अक्षरापाशी उभा राहतो आणि कर्सरमागे चालणाऱ्या बोलक्या यंत्राला लिंक नेमकी सापडते. टर्मिनलच्या काळात कोणीतरी मागितलं असणार, म्हणून आलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

भाच्याचे दोन शनिवार सत्कारणी लागले. पहिली लिंक "थेट लेखाकडे". रकाना लेखानंतर. शीर्षकांना शीर्षकाची खूण. "अधिक वाचा" सगळीकडून हद्दपार, लेखाचं नाव हीच लिंक. बोधचिन्हाला त्रैमासिकाचं नाव; नुसत्या नक्षीच्या चित्रांना पर्यायी मजकूर रिकामा ठेवलाय, म्हणजे लिंक्स त्यांच्यावरून गुपचूप पुढे जातो. लिंकेभोवतीची निळी चौकट परत आली. संपादकांनी विचारलं, "ही कसली रेघ दिसतेय?" मी म्हटलं, राहू द्या.

संपर्काचा अर्ज राहिला होता, तो आज पाहिला. लिंक्समध्ये पत्र लिहायच्या चौकटीतली प्रत्येक ओळ हे वेगळं घर असतं, खालच्या बाणाने एकेक ओळ उतरावी लागते; टॅबने मात्र अख्खी चौकट एका उडीत मागे पडते. चौकटीखाली वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, ते ओळखून टाइप केल्याशिवाय पत्र जाणार नाही. लिंक्सने चित्राच्या जागी फाइलीचं नाव दाखवलं. म्हणजे सरांनी आम्हाला लिहिलं नाही, फोन केला, त्याचं कारण हे. भाच्याने फोनवर बोलता बोलताच ते काढलं आणि त्या जागी "सहा अधिक तीन किती?" असा प्रश्न घातला. चोरांनाही गणित येतं, पण आमच्याकडे चोरायला आहे काय?

संध्याकाळी सरांचा फोन. "ताई, एंटर दाबला आणि लेख. सवय नाही हो, चुकल्यासारखं वाटलं." मग लगेच, "आता ते बरळणारे अंक कधी?"

सहा वर्षांचे अंक. फाइली भाच्याकडे दिल्यात, त्याच्याकडे फाँट युनिकोडमध्ये उलटवणारं काहीतरी आहे. पहिला नमुना दुपारी आला: रफार एक अक्षर मागे, वेलांट्या भलत्याच व्यंजनावर, "श्र" आणि "त्र" सरसकट गायब. मुद्रितशोधन मलाच करायचंय, उद्यापासून २००१ चा पहिला अंक.